प्रजेला वगळून मांडलेला दावा

दरवर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला आणि लातूरला ध्वजारोहण होते, हुतात्मा स्मारकांवर पुष्पचक्रे वाहिली जातात आणि भाषणांतून हैदराबाद मुक्तिसंग्रामाची कथा सांगितली जाते. ही कथा बहुधा १५ ऑगस्ट १९४७ ला सुरू होते, निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकार या सशस्त्र संघटनेच्या अत्याचारांतून पुढे सरकते आणि भारतीय लष्कराच्या पोलीस ॲक्शनच्या पाच दिवसांत संपते. एवढ्यावर थांबले की निजाम हा इंग्रजांचा एक आज्ञाधारक मांडलिक आणि शेवटी हट्टाला पेटलेला सरंजामदार, एवढेच त्याचे चित्र उरते. प्रत्यक्षात हैदराबादच्या दरबाराने इंग्रज सरकारशी जवळजवळ शंभर वर्षे एक तंटा चालवला. तो खलित्यांनी, वकिलांनी, जुन्या तहांच्या कलमांनी लढला गेला. विषय होता वऱ्हाडचा, आणि वऱ्हाडच्या आडून हैदराबादच्या दर्जाचा. या तंट्यात निजामाची बाजू कायद्याने बरीचशी खरी होती, असे माझे मत आहे. तरीही तो हरला आणि १९४८ साली त्याचे हरणेच न्याय्य ठरले, असेही माझे मत आहे. ही दोन्ही मते एकत्र कशी नांदतात, हे नीट पाहिले तर मराठवाड्याच्या आजच्या काही प्रश्नांवरही उजेड पडतो.

आधी निजामाच्या बाजूचे माप त्याच्या पदरात घालू. १८०० च्या तहाने निजामाने इंग्रजांच्या तैनाती फौजेच्या खर्चापोटी बल्लारी, कडप्पा वगैरे मोठा मुलूख कायमचा तोडून दिला. त्याबदल्यात त्याला संरक्षण मिळायचे होते. युद्धाच्या प्रसंगी त्याने स्वतःचेही काही पायदळ आणि घोडदळ द्यावे, असे कलम त्यात होते. या कलमाचा आधार घेऊन पुढे रेसिडेंट हेन्री रसेल याच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक वेगळी फौज उभी राहिली. तीच पुढची हैदराबाद कंटिंजंट. हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपले अंबाजोगाई, जालना, औरंगाबाद इथे तिच्या छावण्या पडल्या. हुकूम इंग्रजांचा आणि पगार निजामाचा, असा हा मामला होता. युद्ध नसतानाही ही फौज पोसली जात राहिली आणि तिच्या खर्चाने दिवाण चंदूलाल याच्या काळात खजिना पोखरला गेला. विल्यम पामर आणि कंपनीसारख्या सावकारांनी भरमसाट व्याजाने कर्जे दिली, ती वेगळीच. शेवटी थकबाकी ४० लाखांच्या वर गेली, तेव्हा गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने तगादा लावला. शांततेच्या काळात ही फौज बाळगण्याचे बंधन तहातून निघत नाही, हे डलहौसीला ठाऊक होते. तरी २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. म्हणजे सध्याच्या लातूरच्या शेजारचा नळदुर्ग-तुळजापूरचा टापू काही वर्षे गहाणवटीत होता आणि मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी तिथे बसून त्याचा कारभार पाहत होता.

या तहात मुलूख देऊन टाकलेला नव्हता, खर्चाच्या तरतुदीसाठी नेमून दिलेला होता. कारभार इंग्रजांनी करावा, खर्च वजा जाता उरेल ती शिल्लक निजामाला द्यावी आणि दरवर्षी हिशेब दाखवावा, असे ठरले होते. १८५७ साली तरुण दिवाण सालारजंग याने हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने उभे ठेवले. त्याचे बक्षीस म्हणून १८६० च्या तहाने धाराशिव आणि रायचूर दुआब परत मिळाले, सुमारे ५० लाखांचे कर्ज माफ झाले आणि शोरापूरचा मुलूख निजामाला मिळाला. मात्र वऱ्हाड इंग्रजांकडेच राहिले. शिवाय वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब निजामाने यापुढे मागू नये, असेही या तहात लिहून घेतले गेले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लवकरच वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव येणार होता. सालारजंगाने पुढची वीस वर्षे अर्ज, खलिते आणि १८७६ च्या इंग्लंड भेटीतल्या गाठीभेटी यांच्या बळावर वऱ्हाड परत मागितले. निजाम अज्ञान आहे, तो सज्ञान होईपर्यंत हा विषय काढू नये, असे उत्तर त्याला मिळाले. पुढे निजाम मीर महबूब अली खान सज्ञान होऊन बरीच वर्षे लोटली, तेव्हा १९०२ साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन हैदराबादला आला, निजामाशी एकांतात बोलला आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात वऱ्हाड सालीना २५ लाखांच्या बोलीवर कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले. लगेच १९०३ साली ते मध्य प्रांताला जोडले गेले आणि ज्या कंटिंजंटसाठी वऱ्हाड घेतले होते ती फौज मोडून हिंदी लष्करात मिसळून टाकली गेली. कर्ज फिटले, फौज संपली, तरी गहाण सुटले नाही. साध्या सावकारीच्या न्यायानेही ही लबाडीच म्हणावी लागते.

तेव्हा शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याने २५ ऑक्टोबर १९२३ ला व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग याला लांबलचक पत्र लिहून वऱ्हाड परत मागितले, यात नवल नव्हते. पहिल्या महायुद्धात त्याने इंग्रजांना पैसा आणि पलटणी दिल्या होत्या. 'हिज एक्झाल्टेड हायनेस' आणि ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त हे किताब त्याला १९१८ साली मिळाले होते. सर अली इमाम यांच्यासारखा नाणावलेला कायदेपंडित त्याच्या बाजूने उभा होता. १९०२ ची संमती मोकळेपणाने दिलेली नव्हती, दोस्तावर टाकलेल्या दडपणाखाली दिलेली होती, असा त्याचा युक्तिवाद होता. रीडिंगने १९२५ च्या मार्चमध्ये मागणी फेटाळली. निजामाने सप्टेंबरात पुन्हा लिहिले, या वेळी आणखी पुढे जाऊन. परराष्ट्रांशी संबंध सोडले तर आपल्या राज्याच्या अंतर्गत कारभारात आपण ब्रिटिश सरकार ब्रिटिश हिंदुस्थानात जितके स्वतंत्र आहे तितकेच स्वतंत्र आहोत, दोन सरकारांत मतभेद झाला तर एकाचा नकार म्हणजे निकाल होत नाही, तेव्हा प्रश्न तपासायला आयोग नेमा, असे त्याचे म्हणणे होते. त्याला रीडिंगने २७ मार्च १९२६ ला दिलेले उत्तर हिंदी संस्थानांच्या इतिहासात मैलाचा दगड मानले जाते. ब्रिटिश राजमुकुटाची सत्ता हिंदुस्थानात सर्वश्रेष्ठ आहे, ती केवळ तहांवर उभी नाही, तहांच्या पलीकडची आहे आणि म्हणून कोणत्याही संस्थानिकाला ब्रिटिश सरकारशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करता येणार नाही, असे त्याने स्पष्ट बजावले. पुढे हैदराबादच्या महसूल, पोलीस यांसारख्या खात्यांवर ब्रिटिश अधिकारी नेमणे निजामाला भाग पडले. तीन वर्षांनी संस्थानांच्या प्रश्नावर नेमलेल्या बटलर समितीनेही ब्रिटिशांची अधिसत्ता ही अधिसत्ताच राहिली पाहिजे, असा निर्वाळा दिला.

इथपर्यंतची हकिगत वाचून कोणाही स्वाभिमानी वाचकाची सहानुभूती निजामाकडे जाईल. पण १९२३ च्या त्याच पत्रात एक गोष्ट अशी होती, की तिच्यामुळे सगळ्या दाव्याचा पाया उघडा पडतो. वऱ्हाड परत मिळाले तर तिथल्या लोकांना आपण जबाबदार राज्यपद्धतीची घटना देऊ, आपला प्रतिनिधी म्हणून एक घटनात्मक गव्हर्नर नेमू आणि अंतर्गत कारभार लोकांच्या हाती सोपवू, असे वचन निजामाने दिले होते. मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर वऱ्हाडच्या मतदारांना विधिमंडळाची थोडीफार चव लागली होती आणि ते निजामी राज्यात आपखुशीने परतणार नाहीत, हे त्याला कळत होते. म्हणजे जबाबदार राज्यपद्धती ही काय चीज असते आणि लोकांना ती हवी असते, हे निजामाला चांगले ठाऊक होते. मग ती पैनगंगेच्या पलीकडच्या उमरखेड-पुसदला मिळावी आणि अलीकडच्या हदगाव-नांदेडला मिळू नये, याला आधार काय? जे अजून हाती यायचे होते त्यांच्यासाठी औदार्य होते. जे आधीच हातात होते त्यांच्यासाठी फर्मान होते. नांदेडच्या किंवा लातूरच्या माणसाला साधी सभा घ्यायची तर गश्ती निशान ५३ या सरकारी हुकमाच्या जाचातून परवानगी मिळवावी लागे. मराठी बोलणाऱ्या मुलखात कचेरीची भाषा उर्दू होती. संस्थानाची लोकसंख्या १९४१ च्या खानेसुमारीत सुमारे १ कोटी ६३ लाख होती, पण त्यातल्या कोणाचीही वऱ्हाडच्या दाव्यावर, रीडिंगच्या उत्तरावर किंवा राज्याच्या दर्जावर मत देण्याची सोय नव्हती. निजाम इंग्रजांना म्हणत होता की बळ हा न्याय नव्हे, संमती हवी. स्वतःच्या प्रजेपुढे मात्र तो रीडिंगच्याच खुर्चीत बसला होता. वरच्याने आपल्याशी बरोबरीने बोलावे ही अपेक्षा, आणि खालच्याने आपल्याशी बोलण्याची हिंमतच करू नये हा कायदा, या दोन्ही गोष्टी एका तत्त्वातून निघत नाहीत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. आजची लोकशाहीची फूटपट्टी तेव्हाच्या राजाला लावणे अन्यायाचे नाही का? आक्षेप वजनदार आहे, पण या बाबतीत तो लागू पडत नाही. ही फूटपट्टी आपण आणलेली नाही, ती निजामाच्याच पत्रात होती. शिवाय त्याच काळात मराठी मुलखातच एका राजाने वेगळा मार्ग धरून दाखवला. साताऱ्याकडच्या औंध या चिमुकल्या संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने घटना देऊन कारभार ग्रामपंचायतींपासून वरपर्यंत लोकांच्या हाती सोपवला. औंध लहान आणि हैदराबाद अवाढव्य, हे खरे. पण हैदराबादेतून मागणी होत नव्हती, असे नाही. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि पुढच्याच वर्षी दुसरे लातूरला. ही मंडळी तेव्हा निजामाला उलथायला निघाली नव्हती. त्यांना शाळा, सभास्वातंत्र्य आणि निजामाच्याच छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती हवी होती. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस स्थापन होत होती तोच तिच्यावर बंदी आली, सत्याग्रह झाला, तुरुंग भरले. १९३९ च्या सुधारणांत ८५ सभासदांच्या विधिमंडळाचा आराखडा आला, त्यात निवडून येणारे ४२, म्हणजे निम्म्याहून कमी. धंद्या-व्यवसायांच्या गटांतून ते निवडायचे आणि निवडलेल्यांत हिंदू-मुसलमानांची संख्या समान ठेवायची, असा घाट होता. प्रजेत मात्र हिंदू फार मोठ्या बहुमतात होते. वऱ्हाडला देऊ केलेल्या संपूर्ण लोकसत्तेशी हा आराखडा ताडून पाहिला, तर काळाची मर्यादा हे कारण पटत नाही. राजाची इच्छा हेच कारण उरते.

ही इच्छा नव्हती म्हणून निजामाचे राजकारण नेहमी वरच्या दिशेनेच पाहत राहिले. १९३६ च्या करारात वऱ्हाडवरचे त्याचे नाममात्र सार्वभौमत्व इंग्रजांनी मान्य केले. त्याच्या बिरुदात हैदराबादबरोबर वऱ्हाडचे नाव आले, युवराजाला वऱ्हाडचा राजपुत्र ही पदवी मिळाली आणि कारभार होता तिथेच राहिला. एवढ्या दीर्घ भांडणाचे फळ म्हणजे एक किताब. मग १९४७ उजाडले. इंग्रज निघाले आणि जाताना अधिसत्ता कोणाकडेही न सोपवता ती लुप्त होईल असे त्यांनी जाहीर केले. निजामाच्या दृष्टीने रीडिंगच्या पत्राचा हा परस्पर निकाल होता. ज्या सत्तेने आपल्याला खाली ढकलले तीच गेली, तेव्हा आपण आपोआप पूर्ण सार्वभौम झालो, असा त्याचा तर्क होता आणि कोरड्या कायद्याच्या भाषेत तो खोडणे सोपे नव्हते. सर वॉल्टर मॉन्क्टन यांच्यासारखा निष्णात वकील ही बाजू मांडत होता. जुलै १९४७ मध्ये हैदराबादचे शिष्टमंडळ दिल्लीला गेले, तेव्हा त्याच्या मागण्यांत वऱ्हाड परत मिळावे ही मागणी होतीच. महिनोन् महिने मसुदे फिरले, रझाकारांच्या दडपणाखाली ऑक्टोबरात शिष्टमंडळच बदलले गेले आणि २९ नोव्हेंबरला वर्षभराचा जैसे थे करार झाला. या सगळ्या वाटाघाटींत कोणाचे हात कुठे होते ते पाहा. एकीकडे मॉन्क्टन, छत्तारीचे नवाब, अली यावर जंग, नंतर मोईन नवाज जंग आणि लायक अली. दुसरीकडे माउंटबॅटन, पटेल, मेनन. ज्यांच्या भवितव्याचा हा सौदा होता त्यांचे नेते स्वामी रामानंद तीर्थ १५ ऑगस्टलाच पकडले गेले होते. १८५३ पासून बदलले होते ते वाटाघाटीला बसणारे. प्रजेची खुर्ची तेव्हाही रिकामी होती आणि आताही.

फरक एवढाच की या वेळी प्रजेने बोलावणे येण्याची वाट पाहिली नाही. स्वामीजी, गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांचे सहकारी यांनी मागणी बदलली होती. जबाबदार राज्यपद्धतीबरोबर भारतात विलीन होणे हेही आता ध्येय होते आणि ७ ऑगस्ट १९४७ हा विलीनीकरण दिन म्हणून पाळला गेला. संस्थानाच्या चारी कडांना लढ्याची केंद्रे उभी राहिली. सोलापूर-बार्शीच्या बाजूने लातूर-उस्मानाबादकडचे कार्यकर्ते हालचाली करत, तर नांदेडकडच्या कार्यकर्त्यांचे ठाणे होते उमरखेडला. उमरखेड म्हणजे वऱ्हाड. ज्या वऱ्हाडसाठी निजामाच्या घराण्याने नव्वद वर्षे कागद काळे केले, तेच वऱ्हाड निजामाच्या मराठी प्रजेला त्याच्याविरुद्ध आसरा देत होते. ३० जानेवारी १९४८ ला नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटून सुमारे २० लाख रुपये लढ्यासाठी नेले गेले, ते याच सीमेच्या आधाराने. पैनगंगेच्या दोन तीरांवरचे लोक बोलीने, नात्यागोत्याने, बाजारहाटाने एकच होते. १८५३ च्या तहाने एका तीरावर निवडणुका आणि वर्तमानपत्रे आली, दुसऱ्या तीरावर ती आली नाहीत. इंग्रजांनी वऱ्हाड लबाडीने घेतले हे मान्य करूनही निजामाच्या प्रजेला ते परत यावे असे वाटले नाही, यातच त्याच्या दाव्याचा खरा निकाल होता. ज्या राजाचा मुलूख परत मिळाल्याने त्याच्या प्रजेला आनंद होणार नाही, त्याचा दावा मालमत्तेचा असतो, स्वातंत्र्याचा नसतो.

दुसरा आक्षेप अधिक रोखठोक आहे. प्रजा वगैरे ठीक, पण शेवटी निकाल लष्कराने लावला ना? १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून निघालेल्या फौजेने पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. मग डलहौसीचे बळ वाईट आणि भारतीय फौजेचे नेतृत्व करणाऱ्या जनरल चौधरींचे बळ चांगले, हा कुठला न्याय? प्रश्न टाळण्यासारखा नाही. केवळ बळाने निकाल लागला असता तर हा आक्षेप मी मान्यच केला असता. पण हैदराबादची तक्रार सुरक्षा समितीपुढे होती आणि १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये तिच्यावर चर्चाही सुरू झाली होती. आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर एखादे राज्य आपले स्वातंत्र्य मागते तेव्हा त्याच्यामागे त्याचे लोक उभे असतील तर शरणागतीनंतरही दावा जिवंत राहतो. इंग्रज, फ्रेंच, डच सत्तांविरुद्ध त्याच दशकात आशियात जे लढे चालले ते राजधान्या पडूनही मिटले नाहीत. हैदराबादचा दावा मात्र राजाने तक्रार मागे घेतो म्हटल्यावर विरून गेला, कारण तो राजाच्या सहीवरच उभा होता. त्रावणकोरच्या दिवाणानेही जून १९४७ मध्ये स्वातंत्र्याची घोषणा केली होती. तिथे लोकांचा विरोध इतका तीव्र होता की जुलै संपता संपता लष्कर न पाठवताच प्रश्न सुटला. हैदराबादला लष्कर लागले, कारण तिथे प्रजेच्या आणि राजाच्या मध्ये रझाकारांच्या बंदुका उभ्या होत्या. लष्कराने मार्ग मोकळा केला, पण तो वैध ठरला तो नंतरच्या निवडणुकांनी. १९५२ साली हैदराबादच्या लोकांनी प्रथमच प्रौढ मताधिकाराने मतदान करून आपले सरकार निवडले. १८५३ नंतर डलहौसीने वऱ्हाडच्या लोकांना विचारले नव्हते. दोन्ही बळांमधला फरक तिथे आहे.

तिसरा आक्षेप मराठवाड्याने सर्वांत अधिक मनावर घ्यावा असा आहे. प्रजेचा कौल हे तुमचे माप असेल तर पोलीस ॲक्शननंतर प्रजेच्याच नावावर जे घडले त्याचे काय? भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत जास्त होरपळलेले म्हणून नोंदले. आजचा लातूर जिल्हा तेव्हा उस्मानाबाद आणि बीदर या जिल्ह्यांत विभागलेला होता. संस्थानभर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत असा समितीचा अंदाज होता आणि मारले गेलेले बहुतांश मुसलमान होते. हा अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. रझाकारांनी आधी गावेच्या गावे जाळली होती, खून पाडले होते, हे खरे आहे. पण एका कृत्याने दुसरे धुतले जात नाही. माझ्या मांडणीला या घटनेने धक्का बसतो का? उलट तिची दुसरी बाजू पुढे येते. लातूर-नांदेडचा विणकर, टांगेवाला, रोजंदार मुसलमान यांनी सार्वभौमत्वाचा दावा केला नव्हता, सुरक्षा समितीकडे अर्ज पाठवला नव्हता, मॉन्क्टनची फी भरली नव्हती. त्यांनाही निजामाने विचारले नव्हते. राजाच्या दाव्याची किंमत मात्र त्यांनी जिवाने मोजली. प्रजा हे माप धरायचे तर त्यात ती सगळी प्रजा मोजावी लागते आणि १७ सप्टेंबरच्या भाषणांत या माणसांचाही उल्लेख व्हायला हवा. तो टाळला तर आपणही प्रजेतून आपल्या सोयीचे तेवढे निवडून घेतो, असाच त्याचा अर्थ होईल.

या जुन्या तंट्याचा आज उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग आहे, कारण वरच्या पातळीवर परस्पर झालेल्या करारांची सवय राजेशाहीबरोबर गेली नाही. मराठवाड्याने महाराष्ट्रात येताना अटी घातल्या नाहीत, असे अभिमानाने सांगितले जाते. त्याआधी २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार झाला होता. विकासाचा पैसा, उच्च शिक्षणाच्या जागा आणि नोकऱ्या यांत मागास विभागांना लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे त्यात मान्य झाले होते. पुढे संविधानाच्या ३७१(२) कलमात विकास मंडळांची तरतूद आली आणि या मंडळांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा, असेही त्यात लिहिले गेले. प्रत्यक्षात १९८४ साली दांडेकर समितीला अनुशेष मोजून दाखवावा लागला आणि मंडळे स्थापन व्हायला १९९४ उजाडले. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली, तेव्हा ती पुढे चालू राहावीत म्हणून नांदेड-लातूरच्या रस्त्यांवर फारसे कोणी उतरले नाही. लोकांना ही मंडळे आपली वाटलीच नव्हती. नागपूर करार नेत्यांनी नेत्यांशी केला, मंडळांवर नेमणुका वरून झाल्या, अहवाल टेबलांवर ठेवले गेले. इथे निजाम नाही, इंग्रज नाहीत, आपणच निवडून दिलेली माणसे आहेत. तुलना तेवढ्यापुरती तोकडी आहे आणि तेवढ्यामुळेच आपली जबाबदारी अधिक आहे.

१८५३ च्या तहातली सर्वांत मोलाची अट मुलूख परत देण्याची नव्हती, दरवर्षी हिशेब दाखवण्याची होती. १८६० साली इंग्रजांनी ती काढून घेतली आणि दरबाराने तिच्यासाठी फार जोर धरला नाही, कारण दरबाराला भूमी हवी होती आणि वऱ्हाडच्या शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्याचे काय झाले हा प्रश्न त्याचा नव्हता. हिशेब मागायचा हक्क सुटला की बाकीचे सगळे हक्क कागदावरच उरतात, हा त्या नव्वद वर्षांचा धडा आहे. म्हणून मराठवाड्याच्या आमदार-खासदारांकडे आपण दोन गोष्टी मागायला हव्यात. सिंचन, रस्ते, आरोग्य आणि शिक्षण यांतल्या अनुशेषाचा स्वतंत्र यंत्रणेकडून तपासलेला वार्षिक हिशेब विधानसभेत मांडला जावा, आणि तो मराठीतून, तालुकावार, ग्रामसभांपर्यंत पोहोचावा. मंडळे पुन्हा आणली किंवा दुसरी व्यवस्था केली, तरी तिच्यात नेमलेल्यांपेक्षा जिल्हा परिषदा आणि नगरपालिकांतून आलेली माणसे अधिक असावीत. हक्काचा दावा कितीही खरा असला तरी तो लोकांच्या वतीने कोणीतरी परस्पर मांडला की त्याची गत वऱ्हाडच्या दाव्यासारखी होते. वकील चांगला मिळतो, कागद भक्कम असतात, आणि निकालाच्या दिवशी मागे कोणीच उभे नसते.